सिमरोलच्या घाटातली खबर

गेल्या पावसाळ्यात भाच्याला सिमरोलला पोचवायला गेलो होतो. सिमरोल हे इंदूरपासून खंडव्याच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरवरचे गाव. इंदूरची आयआयटी तिथे आहे. संस्था २००९ साली सुरू झाली आणि पुढे काही वर्षांनी या गावाशेजारच्या माळावर स्थिरावली. भावोजी तारवटी, म्हणजे वर्षातले नऊ महिने बोटीवर. तेव्हा मामाने रजा टाकायची हे घरात न विचारताच ठरले. मडगावहून मुंबई, मुंबईहून इंदूर, आणि पुढे सामानासकट भाड्याची गाडी.

पोराला वसतिगृहात सोडले. त्याने दोन मिनिटांत नवे मित्र जमवले आणि मी त्याला नकोसा झालो. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून गावात येऊन एका टपरीवर चहा घेत बसलो. समोरून ट्रक घाटाकडे जात होते. बाकावर हिंदी पेपर पडलेला. मी फोनवर बहिणीशी मराठीत बोलतो आहे हे ऐकून शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही पण मराठीच." त्यांचे मराठी गोड होते, हिंदीच्या वळणाचे. पणजोबा होळकरांच्या नोकरीत होते म्हणाले. मी विचारले, मराठी पेपर येतो का इकडे? ते हसले. "बोलतो घरी. वाचायचे म्हटले तर हिंदीच. तीन पिढ्या झाल्या."

मी त्यांना विचारले, सिमरोलचा घाट तो हाच का, सत्तावन्न सालचा? त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा काही दोष नाही. माझ्या गावच्या इतिहासातले मला तरी कुठे सगळे ठाऊक आहे! पण मी मात्र त्या घाटाकडे बघत राहिलो. कारण या घाटाबद्दल आलेल्या एका खबरीचा एका राज्याच्या नशिबाशी संबंध आहे. आणि का कोण जाणे, ती हकीकत वाचल्यापासून मला माझ्या स्वतःच्या हातून लिहिल्या गेलेल्या एका ओळीची आठवण होत आली आहे. ती ओळ शेवटी सांगतो. आधी राज्याची गोष्ट.

माळव्यात मराठे गेले ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. मल्हारराव होळकरांनी तिथे पाय रोवले. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ असा अठ्ठावीस वर्षे महेश्वरहून कारभार केला. त्या काळात छापील वर्तमानपत्र नव्हते, पण वर्तमान होतेच. पेशव्यांचे वकील महेश्वर दरबारात बसून पुण्याला नेमाने पत्रे धाडत. बाईंची प्रकृती कशी आहे, कोण भेटून गेले, उत्तरेकडून काय आले, सगळे त्यात असे. ही पत्रे पुढे द. ब. पारसनीसांनी 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' या नावाने छापली. मला या जुन्या मराठीतला एक विवेक फार आवडतो. 'वर्तमान आले' म्हणजे एक गोष्ट, 'बोलवा आहे' म्हणजे दुसरी, आणि 'आवई उठली' म्हणजे तिसरीच. पहिली माहिती, दुसरी कानावरची, तिसरी निव्वळ अफवा. बातमी कुठल्या प्रतीची आहे ते एका शब्दात कळायचे. आज आपल्याकडे तिन्हींना 'ब्रेकिंग न्यूज' म्हणतात. असो.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. राज्य राहिले पण सार्वभौमत्व गेले. राजधानी इंदूरला आली. जवळच महूला इंग्रजांची छावणी बसली आणि इंदुरात रेसिडेन्सी. आता योगायोग बघा. तहानंतर बरोबर चौदा वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात. एकाच तारखेला मराठ्यांचे एक राज्य दुसऱ्याच्या हुकुमाखाली गेले, आणि त्याच तारखेला मराठी माणसाने स्वतःचे म्हणणे छापायला सुरुवात केली. तारखांना अर्थ नसतो हे मला कळते. पण कारकुनाचा जन्म तारखांतच गेलेला, त्याची नजर तिथे अडकणारच.

इंदुरात छापील पत्र आले ते १८४९ साली. नाव 'मालवा अखबार'. ते हिंदी आणि उर्दू अशा दोन भाषांत निघे. मराठी राजाच्या राजधानीत पहिले पत्र मराठीत निघाले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दरबारची भाषा मराठी, प्रजेची माळवी, कचेरीत फारसीचा वास अजून होताच, आणि डोक्यावर इंग्रजी. आम्हा गोवेकरांना हे चित्र परके नाही. आमच्याकडे भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आला आणि पहिले वृत्तपत्र, 'गाझेत द गोवा', निघाले १८२१ साली. तेही सरकारी आणि पोर्तुगीज भाषेत. ज्यांच्यासाठी हुकूम असायचे त्यातल्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हते. सरकार आधी स्वतःचे सांगते. लोकांनी सांगायची वेळ फार उशिरा येते.

'अखबार' हे खरे म्हणजे 'खबर' या अरबी शब्दाचे अनेकवचन आहे. एकच खबर असली तर तिला अखबार म्हणत नाहीत, एवढे शहाणपण त्या शब्दातच आहे. आणि सिमरोलची गोष्ट आहे ती एकाच खबरीची.

१८५७ साली मराठी मुलखात बातमी कशी पोचत होती ते पाहायचे तर विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' वाचावा. वरसईचे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि महूच्या जवळपास आल्यावर त्यांना शिपायांच्या तोंडूनच पुढच्या बंडाची वार्ता कळली. छापून नव्हे, वाटेत भेटलेल्या माणसाकडून. त्यांचे लिखाण मात्र छापून यायला १९०७ साल उजाडले. लिहून झाल्यावरही ते बरीच वर्षे तसेच पडून होते.

त्याच महू-इंदूर भागात १ जुलै १८५७ च्या सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. होळकरांच्याच फौजेतल्या लोकांनी तोफा डागल्या. पुढारी होता सआदत खान. रेसिडेन्सीत त्या वेळी कर्नल हेन्री मॅरियन ड्युरँड हा हंगामी एजंट होता. मूळचे एजंट सर रॉबर्ट हॅमिल्टन रजेवर विलायतेला गेले होते. ड्युरँडने महूला घाईघाईने चिठ्ठी पाठवली, तोफखाना ताबडतोब पाठवा, होळकरांनी आमच्यावर हल्ला केला आहे. लक्षात घ्या, 'होळकरांच्या शिपायांनी' नव्हे, 'होळकरांनी'. तुकोजीराव दुसरे तेव्हा बावीस वर्षांचे होते. दोन तासांतच ड्युरँडने रेसिडेन्सी सोडली. बरोबर बायका, मुले आणि थोडे एकनिष्ठ राहिलेले लोक.

आता जायचे कुठे? महू जवळ होते. दक्षिणेकडून मुंबईची एक फौज वर येत होती, तिला गाठायचे तर सिमरोलचा घाट उतरून नर्मदेकडे जायला हवे होते. पण खबर आली की सिमरोलचा घाट होळकरांच्या लोकांनी तोफांनिशी अडवला आहे. ड्युरँडच्या बाजूच्या हकिकतींत हे कारण सांगितलेले आहे. मग ही मंडळी उलट्या दिशेला, पूर्वेकडे आष्ट्यावरून सिहोरला गेली. तिथेही राहता येईना, तेव्हा होशंगाबादला, आणि तिथून मोठा वळसा घेऊन असीरगडाजवळ ड्युरँड त्या मुंबईच्या फौजेला मिळाला. त्या फौजेबरोबर तो परत वर आला तो कुठून? सिमरोलच्या घाटातूनच. २ ऑगस्टला तो महूत दाखल झाला. जो घाट महिन्यापूर्वी बंद असल्याचे कळले होते, त्याच घाटाने, भर पावसात, चिखलातून तोफा ओढत फौज चढून आली.

दरम्यानच्या महिन्यात इंदुरात काय घडले? बंडवाले राजवाड्याशी गेले आणि आश्रयाला आलेल्या गोऱ्या लोकांना आमच्या हवाली करा म्हणाले. तरुण तुकोजीराव स्वतः त्यांच्यापुढे गेले आणि त्यांनी नकार दिला. खजिन्यातला उरलेला पैसा त्यांनी महूच्या किल्ल्यात इंग्रजांकडे पाठवला. ड्युरँडला आणि इतरांना खुलाशाची पत्रे पाठवली. हे सगळे कागदोपत्री आहे. पण ड्युरँडच्या मनातला संशय गेला नाही. तो त्याच्या खलित्यांतून कलकत्त्याला आणि तिथून लंडनला गेला. डिसेंबरात हॅमिल्टन परत आले, त्यांनी होळकरांची बाजू घेतली. १८६१ साली तुकोजीरावांना किताबही मिळाला. तरी शिंदे आणि भोपाळच्या बेगम यांना मुलखाच्या रूपाने जसे बक्षीस मिळाले तसे होळकरांना मिळाले नाही, आणि 'सत्तावन्न साली होळकर नेमके कोणाच्या बाजूला होते' हा प्रश्न पुढची तीस वर्षे त्यांच्या मागे राहिला. के आणि मॅलेसन यांच्या मोठ्या इतिहासांत तो आहे. होळकरांची बाजू मांडायला जॉन डिकिन्सन आणि मेजर एव्हान्स बेल या दोन इंग्रजांना लेखण्या उचलाव्या लागल्या. खुद्द इंदूरने त्या वादात काय म्हटले?

'मालवा अखबार' निघून तेव्हा आठ वर्षे झाली होती. पण ड्युरँडचा खलिता जिथे वाचला जात होता तिथे इंदूरचा कागद पोचत नव्हता. ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याला उत्तर द्यायला जागाच नव्हती. राजा असूनही नव्हती. आणि सआदत खान? तो सतरा वर्षे लपून राहिला, १८७४ साली पकडला गेला आणि इंदुरात फाशी गेला. त्याची बाजू तर कोणी विचारलीच नाही.

ती बाजू इंदूरने स्वतः सांगावी ही सोय व्हायला बराच काळ गेला. मधल्या काळात तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ देऊन खंडवा-इंदूर रेल्वे करवून घेतली. रूळ घाट उतरले ते पातालपाणी-कालाकुंडच्या बाजूने, आणि सिमरोलचा रस्ता एका कडेला पडला. आगगाडीबरोबर मुंबईची वर्तमानपत्रे माळव्यात लवकर पोचू लागली. म्हणजे बाहेरची बातमी आत येऊ लागली. आतली बाहेर जाणे मात्र तसेच अवघड होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बावला खून खटला. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. बरोबर होती मुमताज बेगम, जी इंदूर दरबारातून निघून आली होती. तिच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी अचानक तिथे आले म्हणून ती वाचली आणि मारेकरी हाती लागले. आरोपींचे धागे इंदूरपर्यंत जात होते. मुंबई हायकोर्टात खटला गाजला. आनंदराव फणसे या आरोपीचे वकील होते महंमद अली जीना. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

तेव्हा एक कायदा अस्तित्वात होता. १९२२ साली संस्थानिकांच्या संरक्षणासाठी केलेला. ब्रिटिश हद्दीतल्या वृत्तपत्रांनी संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवली तर शिक्षा. कायदेमंडळाने हे विधेयक मांडायलाच परवानगी नाकारली होती, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ते मंजूर करून घेतले होते. पण उघड्या कोर्टात चाललेल्या खटल्याचा वृत्तान्त कोण अडवणार? मुंबईची पत्रे रोज रकानेच्या रकाने भरत होती. सरकारने तुकोजीराव तिसऱ्यांपुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशीला सामोरे जा किंवा गादी सोडा. त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये मुलाच्या, यशवंतरावांच्या, नावे गादी सोडली. चौकशी झाली नाही, त्यामुळे ते दोषी होते की नव्हते हे कायद्याने कधीच ठरले नाही.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. १८५७ साली एका अधिकाऱ्याच्या खलित्याने राजा संशयित ठरला. १९२५ साली खटल्याच्या छापील वृत्तान्ताने राजाची गादी गेली. दुसऱ्या वेळी वृत्तपत्रांनी निदान एका स्त्रीचे म्हणणे जगापुढे आणले, हे त्यांचे श्रेय आहेच. पण दोन्ही वेळा इंदूरची कहाणी इंदूरबाहेर लिहिली गेली.

याच सुमारास महूत जन्मलेल्या एका माणसाने हा प्रश्न मुळापासून मांडला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मले. सिमरोल आज महू तालुक्यातच येते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मुंबईत मराठी पाक्षिक सुरू केले आणि त्याचे नाव ठेवले 'मूकनायक'. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, असे बाबासाहेबांनीच नंतर लिहिले आहे. ज्यांच्याविषयी सगळे बोलतात पण ज्यांना बोलू दिले जात नाही, त्यांना उत्तर द्यायला जागा हवी, हे त्या एका नावात आले. राजाला नव्हती तशीच, त्याहून शतपटीने, प्रजेतल्या या लोकांना ती नव्हती.

इंदुरात भाषेचे वारे मात्र वेगळ्या दिशेने वाहत होते. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इंदूरला झाले, ग. ज. आगाशे अध्यक्ष. त्याच्या पुढच्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलन इंदूरला, अध्यक्ष महात्मा गांधी. दक्षिणेत हिंदी प्रसाराचे काम तिथून उभे राहिले. १९३५ साली तर दोन्ही संमेलने एकाच वर्षी तिथे झाली. हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, मराठीचे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९२७ पासून मध्यभारत हिंदी साहित्य समितीचे 'वीणा' मासिक इंदूरहून निघू लागले. मराठी राज्य, पण सार्वजनिक बोलण्याची भाषा हळूहळू हिंदी होत गेली. मला पूर्वी याचे वाईट वाटायचे. आता तितके वाटत नाही. कारण पुढे काय झाले ते पाहा.

५ जून १९४७ रोजी इंदूरहून 'नई दुनिया' हे हिंदी दैनिक सुरू झाले. स्वातंत्र्याला अजून दहा आठवडे होते. २८ मे १९४८ रोजी इंदूर, ग्वाल्हेर आणि आसपासची संस्थाने मिळून मध्य भारत हे राज्य झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानी कुठे, यावर इंदूर आणि ग्वाल्हेर यांचे एवढे भांडण की शेवटी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी वाटणी झाली. वर्षातून दोनदा अख्खी फायलींची बोचकी हलवणाऱ्या त्या कारकुनांची मला दया येते! १९५५ साली इंदुरात आकाशवाणीचे केंद्र आले आणि शेतकऱ्याला त्याच्याच माळवी बोलीत कार्यक्रम ऐकू येऊ लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला, राजधानी भोपाळला गेली. साडेआठ वर्षे टिकलेले राज्य. पण वर्तमानपत्र टिकले.

त्या पत्राचे संपादन दीर्घकाळ केले ते राहुल बारपुते यांनी. मातृभाषा मराठी, लेखणी हिंदी. कुमार गंधर्व आणि चित्रकार विष्णू चिंचाळकर हे त्यांचे जिवलग. कुमारजी १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले आणि तिथलेच झाले. त्यांनी काही काळ आमच्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे तालीम घेतली होती, म्हणून ते नाव आले की मी थोडा ताठ बसतो. बारपुत्यांच्या हाताखाली राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी घडले. माथुर पुढे दिल्लीला 'नवभारत टाइम्स'चे संपादक झाले, जोशींनी १९८३ साली 'जनसत्ता' सुरू केले. दिल्लीच्या हिंदी पत्रकारितेला इंदूरने माणसे पुरवली. आणि 'नई दुनिया'तले वाचकांच्या पत्रांचे सदर म्हणजे त्या पत्राचा मानबिंदू. खेड्यातला शिक्षक, दुकानदार, पेन्शनर तिथे लिहायचा. नळाला पाणी नाही इथपासून संपादकाचे कालचे मत चुकले इथपर्यंत. ते छापून यायचे.

मला वाटते, त्या राज्याच्या इतिहासातला मोठा टप्पा तो आहे. महिदपूर, मंदसोर, गादीत्याग, विलीनीकरण हे टप्पे पाठ्यपुस्तकात येतात. पण ज्या मुलखात ६०-७० वर्षांपूर्वी राजालासुद्धा आपल्यावरच्या आरोपाला उत्तर द्यायला दुसऱ्याची लेखणी लागत होती, तिथे एका पेन्शनराने संपादकाला 'तुमचे चुकले' असे लिहावे आणि ते सकाळी दारात छापून यावे, हा टप्पा कुठल्या पुस्तकात आहे? त्याची भाषा हिंदी होती म्हणून बिघडले काय? सिमरोलच्या चहावाल्याला ते वाचता येत होते, हे महत्त्वाचे.

'नई दुनिया' २०१२ साली जागरण समूहाने विकत घेतले. १९८३ पासून 'दैनिक भास्कर'ही इंदूरहून निघते आहे. आणि आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यात खबरी आहेत, उदंड. उत्तर द्यायला जागाही आहे, पण ऐकायला थांबतो कोण, हा प्रश्न नवा.

आता ती माझी ओळ.

पंधरा एक वर्षांपूर्वी आमच्या एका कचेरीत निनावी पत्र आले. भांडार सांभाळणाऱ्या माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माल बाहेर विकला असे त्यात होते. साहेबांनी मला टिप्पणी लिहायला सांगितली. मी साठ्याची वही वरवर चाळली, तूट दिसली, दोघातिघांना विचारले, त्यांनी डोळे मिचकावले. मी लिहिले, 'असे समजते की...' आमचे काम इंग्रजीत चालते, पण वाक्य हेच. कोणाकडून समजते, कधी, कसे, काही नाही. त्या तीन शब्दांमागे लिहिणारा लपू शकतो, ही सोय प्रत्येक कारकुनाला माहीत असते. सहकाऱ्याची काणकोणला बदली झाली. घरी अंथरुणावरची आई, रोज पहाटेची बस, रात्री परत. बढती अडली. त्याला एक शब्द विचारण्याआधी हे झाले. दोन वर्षांनी चौकशीत निघाले काय, तर वहीचे पान उलटताना मागची बेरीज पुढे चुकीची लिहिली गेली होती. माल जागच्या जागी होता. त्याला निर्दोष ठरवणारा कागद फाईलला लागला, पण माझी टिप्पणी काढली कोणी नाही. फाईलमधले पान काढता येत नाही. ती आजही तशीच असेल. पुढचे कागद न वाचता कोणी मधलेच पान उघडले, तर त्याला एवढेच कळेल, की असे समजते.

ड्युरँडला नावे ठेवणे सोपे आहे. तो घाबरलेला होता, बरोबर बायकामुले होती, मागे तोफा होत्या. त्याला घाटाची खबर तपासायला वेळ नव्हता. मला तर वेळ होता. पंख्याखाली बसलो होतो, आणि वही समोर होती. त्याची चूक मी जास्त माफ करू शकतो, माझी कमी.

सिमरोलहून आल्यावर एका रविवारी त्या सहकाऱ्याकडे गेलो. आता निवृत्त आहे, मागच्या परसात मिरच्या लावतो. टिप्पणी माझी होती हे त्याला तेव्हापासून ठाऊक होते. मलाच ते ठाऊक नव्हते. मी जे सांगायचे ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वचूं दी रे आतां." चहा आला. मी हातात कप घेऊन त्याला घाटाची, ड्युरँडची, तुकोजीरावांची सगळी हकीकत सांगितली, तुम्हाला सांगितली तशीच. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली.

मग त्याने एकच प्रश्न विचारला. "आणि त्या राजाक कोणें विचारलें?"